गढूळ पाण्यात ऊन किती पोचतं?

अटल सेतूवरून न्हावा शेव्याकडे येताना खाली दिसणारं पाणी क्वचितच निळं असतं. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी आणि उत्तरेकडून उल्हास नदी गाळ आणतात. चार-पाच मीटर चढ-उताराची भरती-ओहोटी तो दिवसातून चार वेळा ढवळते. त्यात १९८९ साली सुरू झालेलं जवाहरलाल नेहरू बंदर आहे. मोठी जहाजं आत यावीत म्हणून त्याचा जलमार्ग टप्प्याटप्प्याने खोल करण्यात आला, आणि तो खोल राहावा म्हणून तिथला गाळ सतत उपसावा लागतो. अशा पाण्याच्या काठावर उभं राहून प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या शैवालाबद्दल बोलणं कोणालाही विसंगत वाटेल. प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीप आठवतं, अंदमान आठवतं, फार तर मालवण. पण हे सहजीवन कशावर उभं आहे हे समजून घ्यायचं असेल, तर नितळ पाण्यापेक्षा गढूळ पाणीच जास्त शिकवतं, कारण ज्या गोष्टीची टंचाई असते तिची किंमत तिथेच कळते. ती गोष्ट म्हणजे ऊन. आपण किनाऱ्यावरचे प्राणी मोजतो, त्यांची यादी करतो, त्यांना कायद्याचं संरक्षण देतो. पण ज्या उजेडावर त्यांचं पोट चालतं त्याचा हिशेब त्या यादीशी जोडत नाही. त्यामुळे आपलं संरक्षण अर्धवट राहतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी हा व्यवहार नेमका काय आहे ते पाहू. प्रवाळाचा एक जीव, म्हणजे पॉलिप, ही काही मिलिमीटरची मऊ पिशवी असते. वर तोंड, तोंडाभोवती स्पर्शिका आणि आत पोट. पिशवीची भिंत दोन थरांची. त्यातल्या आतल्या, पोटाकडच्या थरातल्या पेशींमध्ये तपकिरी-सोनेरी रंगाचे सूक्ष्म गोल दाटीने भरलेले दिसतात. हेच ते शैवाल. ते प्राण्याच्या पोटात नाही, तर थेट त्याच्या पेशीत, एका पातळ पापुद्र्याच्या आत राहतं. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागात अशा दहा लाखांहून अधिक पेशी असू शकतात. प्रवाळाला आपल्याला दिसणारा तपकिरी रंग बराचसा या शैवालाचा असतो. शैवाल उन्हात साखर आणि ग्लिसरॉलसारखे पदार्थ तयार करतं आणि त्यांतला मोठा वाटा यजमानाला देतं. परिस्थिती अनुकूल असेल तर हा वाटा नव्वद टक्क्यांच्या पुढेही गेल्याचं मोजमापांत दिसलं आहे. बदल्यात प्राण्याच्या श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या शरीरातला नायट्रोजन-फॉस्फरसयुक्त कचरा शैवालाला खत म्हणून मिळतो. प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडाही अंधारापेक्षा उजेडात कितीतरी वेगाने वाढतो. थोडक्यात, मोठमोठे प्रवाळखडक उभे राहिले ते उन्हाच्या कमाईवर.

हे शैवाल केवळ प्रवाळाचं नाही. १९६२ साली ह्यूगो फ्रॉयडेन्थाल यांनी त्याला सिंबायोडिनियम असं शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा त्यांनी अभ्यासलेलं शैवाल आलं होतं कॅसिओपिया नावाच्या जेलीफिशमधून. ही जेलीफिश उथळ पाण्यात तळावर उताणी पडून राहते. तिच्या तोंडाकडच्या फांद्या वर असतात, कारण शैवाल त्यांतच असतं आणि त्याला ऊन हवं असतं. तिच्या आयुष्यात शैवालाला इतकं महत्त्व आहे की, तळाला चिकटलेल्या तिच्या बाल्यावस्थेतल्या पॉलिपला शैवाल मिळाल्याशिवाय त्यापासून सहसा पोहणारी जेलीफिश तयारच होत नाही. पलाऊ देशातल्या एका खाऱ्या तलावात सोनेरी जेलीफिशचे थवे दिवसभर सूर्यामागे एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातात, तेही अंगातल्या शैवालाला ऊन मिळावं म्हणून. आपल्याकडे पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर नाण्याएवढ्या निळ्या चकत्या वाहून येतात. पोर्पिटा हे त्यांचं नाव. लोक त्यांना निळी बटणं म्हणतात. त्यांच्या शरीरातही असं शैवाल सापडतं. त्याच दिवसांत येणारी आणि लोकांना डसणारी ब्लूबॉटल मात्र निव्वळ शिकारीवर जगते. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की निळी बटणं इथली रहिवासी नाहीत. ती खुल्या, स्वच्छ समुद्राच्या पृष्ठभागावर जगतात आणि वाऱ्याने ढकलली जाऊन किनाऱ्याला लागतात. शैवाल बाळगणारे प्राणी जिथे मुबलक असतात तिथे बहुधा उजेडही मुबलक असतो.

या नात्याला आपण सहजपणे मैत्री म्हणतो. पण पुराव्याकडे नीट पाहिलं तर ती मैत्री नसून काटेकोर करार आहे, आणि पुष्कळदा मोडता येण्याजोगा करार आहे. यजमान शैवालाला खत देतो, पण मोजून देतो. नायट्रोजनची चणचण असल्यामुळे शैवालाला स्वतःची संख्या फार वाढवता येत नाही आणि जादा साखर बाहेर द्यावी लागते. सांडपाण्यातून पाण्यात नायट्रोजन वाढला की शैवाल ती साखर स्वतःच्या वाढीसाठी वापरू लागतं आणि यजमानाचा वाटा घटतो. पाणी तापलं तरीही असंच होऊ शकतं, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. म्हणजे तेच शैवाल एका परिस्थितीत पोसणारं आणि दुसऱ्या परिस्थितीत पोसलं जाणारं ठरतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अ‍ॅस्ट्रँजिया नावाचं एक प्रवाळ आहे. त्याच्या काही वसाहती शैवालासह तपकिरी, तर काही शैवालाविना जवळजवळ पांढऱ्या असतात, आणि दोन्ही शेजारी शेजारी जगतात. शैवाल नसेल तेव्हा ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून गुजराण करतं. त्यासाठी इतकं लांब जायचीही गरज नाही. मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर दोन प्रकारची पोवळी नोंदवली गेली आहेत. एक स्यूडोसिडरॅस्ट्रिया, जे शैवाल बाळगतं. दुसरी ऱ्हिझँजिइडी कुळातली, आणि या कुळातल्या बहुतेक पोवळ्यांमध्ये शैवाल नसतं. एकाच खडकाळ पट्ट्यावर एकाने उन्हाची कमाई निवडली आहे आणि दुसऱ्याने निव्वळ शिकारीची.

आता प्रश्न असा की हाजी अलीच्या गढूळ पाण्यात उन्हावर जगणारं पोवळं टिकतं कसं? इथे थोडं गणित करावं लागतं. पाण्यात उतरताना प्रकाश दर मीटरला ठरावीक प्रमाणात घटतो. समजा, एका मीटरमध्ये तो निम्मा होतो. मग पाच मीटरवर बत्तिसावा हिस्सा, म्हणजे तीन टक्के उरतो. गाळ वाढून तो दर अर्ध्या मीटरला निम्मा होऊ लागला, तर त्याच पाच मीटरवर हजारावा हिस्सा उरेल. गाळ दुपटीने वाढला म्हणून उजेड निम्मा होत नाही. तो जवळजवळ संपतोच. उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखलं जाणारं आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर आहे आणि तरीही तिथे शैवालधारी प्रवाळ फोफावतात, कारण एवढ्या दूर किनाऱ्यावरचा गाळ पोचत नाही. हाजी अलीला वीस मीटर सोडाच, दोन मीटरवरही ते शक्य नसावं. म्हणून तिथलं पोवळं भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खडकातल्या डबक्यांत राहतं. त्याची वसाहत तळहाताएवढी, खडकाला चिकटलेली, फिकट राखाडी असते. एकमेकींना भिडलेल्या बहुकोनी खळग्यांची ती एक जाळी असते. ओहोटीला तिच्यावर वीतभर पाणी उरतं आणि तेवढ्या वेळात तिची कमाई होते.

ही वेळही सगळे दिवस सारखी नसते. मुंबईकरांना पावसाळ्यातल्या महापालिकेच्या इशाऱ्यांमुळे ठाऊक आहे की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती साधारण दुपारी बारा-एकच्या सुमारास येते. म्हणजे उधाणाच्या दिवसांत ऊन माथ्यावर असतं तेव्हा पाणी सर्वांत उंच असतं, आणि ओढ जोरात असल्यामुळे गढूळही असतं. कोळ्यांच्या भाषेत ज्याला भांग म्हणतात, त्या अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत उलट होतं. प्रवाह मंदावतात, गाळ थोडा बसतो आणि ओहोटी भर दुपारी येते. उधाणाइतकं पाणी खाली जात नाही हे खरं. पण माथ्यावरचं ऊन आणि त्यातल्या त्यात निवळ पाणी एकत्र येतं ते याच दिवसांत. तळाशी पोचणाऱ्या उजेडाचा हिशेब मांडला तर तो वर्षाच्या सरासरीत सापडणार नाही. तो अशा काही दिवसांच्या काही तासांत जमा होत असणार. सरासरी गढूळपणाचा एक आकडा या प्राण्यांच्या आयुष्याबद्दल फारसं काही सांगत नाही, ते यामुळेच.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हा किनारा मुळातच गाळाचा आहे, बंदर होण्याच्या कितीतरी आधीपासून. नद्या गाळ आणतात, मोसमी पाऊस तो वाढवतो, मग दोष ड्रेजरला का द्यायचा? आक्षेपातली वस्तुस्थिती बरोबर आहे. न्हावा शेव्याचं पाणी बंदरामुळे गढूळ झालं असं कोणी म्हटलं तर ते चूक ठरेल. पण नैसर्गिक गाळाला लय असते. तो उधाणात उठतो, भांगात बसतो. पावसाळ्यात वाढतो, हिवाळ्यात ओसरतो. इथे टिकलेले प्राणी त्या लयीशी जुळवून घेऊन टिकले आहेत. उपसलेला गाळ, भरावाची माती, बांधकामाची धूळ यांना ती लय नसते. ज्या थोड्या तासांत पाणी निवळायला हवं नेमक्या त्याच तासांत ती पाण्यात तरंगत राहिली, तर वर्षाची सरासरी जवळपास तीच राहूनही प्राण्याची कमाई बुडू शकते. म्हणून प्रश्न पाणी गढूळ आहे की नाही हा नसून ते कधी आणि किती वेळ गढूळ राहतं हा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रवाळांचा खरा शत्रू उष्णता आहे, उजेडाचा मुद्दा गौण आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर शैवालातली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात आणि यजमान शैवालाला बाहेर काढतो. प्रवाळ पांढरं पडतं. यालाच विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ नंतर एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली आणि त्याची झळ जगातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला बसली. मालवणच्या सागरी अभयारण्यातही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी वारंवार होणारं विरंजन, रोग आणि डायव्हिंगच्या पर्यटनाने झालेली मोडतोड नोंदवली आहे. शिवाय काही ठिकाणी गढूळ पाण्यातली प्रवाळं उष्म्याच्या लाटेत नितळ पाण्यातल्यांपेक्षा कमी पांढरी पडल्याचंही दिसलं आहे, कारण गाळ सावली धरतो. मग गाळ वाईट कसा? हे निरीक्षण माझ्या मुद्द्याच्या विरोधात वाटतं, पण खरं तर ते त्यालाच बळ देतं. विरंजन नुसत्या उष्णतेने होत नाही; तापलेल्या शैवालावर प्रखर ऊन पडलं की नुकसान वाढतं. म्हणजे तिथेही निर्णायक ठरतं ते उजेडाचं प्रमाण. कमी पडला तर उपासमार, तापलेल्या पाण्यात जास्त झाला तर भाजणं. उष्णता आवरणं एका बंदराच्या किंवा एका राज्याच्या हातात नाही. पाण्यात माती आणि सांडपाणी किती सोडायचं हे मात्र पूर्णपणे इथल्या हातात आहे, आणि उपाशी प्रवाळापेक्षा पोट भरलेलं प्रवाळ उष्म्यातून सावरण्याची शक्यता जास्त असते.

परिस्थिती बदलली की सहजीवन संपतं असंही नाही. त्याच्या जागी दुसरं येतं. अरबी समुद्राने याचं ठळक उदाहरण आपल्यासमोर ठेवलं आहे. हिवाळ्याच्या सुमारास कोकण किनाऱ्यावर अधूनमधून लाटा निळ्या उजळतात आणि लोक मोबाइल घेऊन धावतात. हा प्रकाश बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा असतो. उत्तर अरबी समुद्रात या जीवाचं जे रूप आढळतं ते हिरवं आहे, कारण त्याच्या पेशीच्या पोकळीत हिरव्या शैवालाच्या हजारो पेशी पोहत असतात. गंमत अशी की प्रवाळात राहणारं शैवाल ज्या डायनोफ्लॅजेलेट गटातलं आहे त्याच गटातला हा नॉक्टिल्युका आहे. तिथे हा गट आश्रित आहे, इथे यजमान. तो शैवालाची साखरही घेतो आणि बाहेरचे जीव गिळूनही जगतो. दोन्ही हातांनी कमावणारा हा जीव या शतकाच्या सुरुवातीपासून हिवाळी समुद्रात प्रचंड प्रमाणावर फुलतो आहे आणि माशांच्या अन्नसाखळीचा पाया असलेल्या डायाटम शैवालांची जागा घेतो आहे. हेल्गा गोम्स, जोकिम गोएस, प्रभू माटोंडकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचा संबंध पाण्यातला ऑक्सिजन कमी होण्याशी जोडला. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, त्यांनी पाहिलेल्या फुलोऱ्यांच्या जागी पाण्यात ऑक्सिजनची टंचाई नव्हती असं दाखवून ते कारण नाकारलं. हा वाद अभ्यासकांचा आहे. पण दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे: समुद्राची स्थिती बदलली की कोणता करार जिंकेल हेही बदलतं. सहजीवन म्हणजे समुद्राचं भलंच, हा समज सोडायला हवा. एक सहजीवन मत्स्यजीवनाला आसरा देणारे खडक उभारतं, दुसरं माशांचं खाद्य बाजूला सारू शकतं.

आता आपल्या संरक्षणाच्या पद्धतीकडे वळू. सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कागदोपत्री हाजी अलीच्या तळहाताएवढ्या पोवळ्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. त्यामुळेच मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात ही पोवळी सापडल्यावर वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली अठरा वसाहती दुसरीकडे हलवण्यात आल्या. ज्या शहराने आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ असतात हेच फारसं मानलं नव्हतं, त्याने एवढं करणं ही लहान गोष्ट नाही. यात हौशी निरीक्षकांचाही वाटा आहे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’सारख्या गटांनी ओहोटीला खडकांवर फिरून हे जग लोकांना दाखवलं. पण पद्धतीतला दोष तिथेच दिसतो. कायदा वसाहती मोजतो, म्हणून आपण वसाहती हलवतो. शैवालधारी प्राणी हलवणं म्हणजे अर्धा व्यवहार हलवणं. उरलेला अर्धा, म्हणजे तळाशी पोचणारा उजेड, नव्या जागी किती आहे हे त्यासोबत मोजायला हवं. हलवलेली पोवळी जगली तर आनंदच आहे. ती जगली म्हणून जागा बदलणं हा सर्वसाधारण उपाय ठरत नाही, कारण गाळाला सरावलेल्या, चिवट प्रजातींचं ते यश असेल. मालवणच्या किंवा आंग्रिया बँकेच्या प्रवाळांना तोच नियम लावता येणार नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. २०२३–२४ या वर्षात न्हावा शेव्याने ६४ लाखांहून अधिक टीईयू कंटेनर हाताळले. देशाच्या एवढ्या मोठ्या व्यापारासमोर खडकावरच्या राखाडी डागांसाठी काम अडवायचं का? असं कोणी सुचवत असेल तर मीही त्याच्याशी सहमत नाही. बंदर हवं, जलमार्ग खोल हवा. पण उजेड मोजण्याने बंदर थांबत नाही. सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियामध्ये ड्रेजिंग चालू असताना आजूबाजूच्या पाण्यातला गढूळपणा सतत मोजला जातो आणि मर्यादा ओलांडली की काम काही काळ मंद केलं किंवा थांबवलं जातं. आपल्याकडेही पर्यावरण अहवालांत पाण्यातल्या गाळाचे आकडे असतात आणि प्राण्यांच्या याद्याही असतात. पण त्या सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत असतात आणि एकमेकांशी त्यांची गाठ पडत नाही. ती घालून देणं एवढीच मागणी आहे. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. न्हावा शेव्याचंच बंदर प्राधिकरण ते महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डासोबत उभारणार आहे. तिथल्या खडकाळ किनाऱ्यावर कोणते प्राणी आहेत याच्या यादीसोबत एक आकडा दरवर्षी जाहीर व्हावा: उधाणात आणि भांगात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तळाशी पोचणारा प्रकाश किती. उपकरणं महाग नाहीत आणि अवघडही नाहीत. भराव पडण्याआधीचे आकडे हातात नसतील, तर नंतर एखादा प्राणी नाहीसा झाल्यावर तो उष्णतेने गेला, सांडपाण्याने गेला की उजेड बंद झाल्याने गेला, हे कोणालाही सांगता येणार नाही. आणि कारणच ठरवता येत नसेल तर जबाबदारीही कोणावर ठरवता येणार नाही.